दहा पायांचे हिशेबनीस

काचेच्या नळीतल्या टाकीच्या पाण्यात औषधाचे थेंब टाकल्यावर ते पिवळं राहिलं तर टाकी निरोगी, हिरवं झालं तर पाण्यात अमोनिया, असं त्या डबीवर स्वच्छ छापलं होतं. पाक कुंचोरोंच्या हातातली नळी पोपटाच्या पंखासारखी हिरवीगार झाली होती. त्यांनी ती उन्हात धरली, सावलीत धरली, चष्मा काढून पाहिली, आणि मग बायकोला हाक मारली. वयाप्रमाणे माणसाला रंग चुकीचे दिसू लागतात असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं, आणि राहायू त्यांच्याहून बऱ्याच लहान होत्या.

“बू, हा रंग कोणता?” त्यांनी विचारलं. जावात पुरुषाला आदराने ‘पाक’ म्हणतात आणि बाईला ‘बू’, मग ती स्वतःची बायको का असेना.

“हिरवा.”

“नीट बघ.”

“नीट हिरवा,” राहायू म्हणाल्या आणि लसूण सोलायला परत आत गेल्या.

कुंचोरो उभा जन्म बँकेत अंतर्गत लेखापरीक्षक होते. आत काय आलं आणि बाहेर काय गेलं यांचा मेळ बसलाच पाहिजे, बसत नसेल तर कुणीतरी खोटं बोलतंय, या एका वाक्यावर त्यांनी संसार उभा केला होता. त्यांच्या चाहुलीने शाखाधिकारी खुर्चीतून उठत. आता निवृत्तीनंतर, स्लेमानच्या या वसाहतीत, स्वतःच्या परसात, तीन सिमेंटच्या टाक्या त्यांच्याशी खोटं बोलत होत्या.

तसं पाहिलं तर योजना निर्दोष होती. सर्वांत वरच्या टाकीत गुरामे मासे. त्यांचं उरलंसुरलं खाद्य आणि विष्ठा नळीने खालच्या टाकीत उतरे. तिथे गोड्या पाण्यातले निळसर लॉब्स्टर राहत. ते तळाशी साचलेलं सगळं चिवडत, कुरतडत, पोटात घालत. लोकांना वाटतं की हे प्राणी घाण नाहीशी करतात. तसं अजिबात नाही, हे कुंचोरो भेटेल त्याला समजावत. लॉब्स्टर घाण फक्त एका खात्यातून दुसऱ्या खात्यात वर्ग करतात. जे गाळात घट्ट होतं ते त्यांच्या पोटातून आणि पायांखालून पाण्यात विरघळतं, आणि मग तिसऱ्या टाकीतली कांगकुंगची भाजी ते मुळांनी ओढून घेते. कोवळी भाजी घरात, जून पानं पुन्हा गुरामेंना. निवळलेलं पाणी पंपाने वर. आवक-जावक चोख. एवढे प्रामाणिक हिशेबनीस आपल्याला बँकेत कधी मिळाले नाहीत, असं ते लॉब्स्टरांकडे बघून म्हणत.

हे सगळं हौसेपुरतं राहिलं असतं, तर नळी हिरवी झाली काय आणि जांभळी झाली काय. पण कुंचोरो शब्द देऊन बसले होते.

त्यांची मुलगी नास्तिती हिचं गालिह नावाच्या मुलाशी जमलं होतं. मुलाचे आईवडील रीतसर मागणी घालायला येण्याआधी एकदा ओळख करून घ्यायला म्हणून येऊन गेले. मुलाचे वडील पाक विबोवो औषधांच्या कारखान्यात गुणवत्ता तपासायचे. कमी बोलणारे, चहाचा पेला ओठाला लावण्याआधी आत बघणारे. अशा माणसापुढे कुंचोरोंना गप्प राहवलं नाही. त्यांनी टाक्या दाखवल्या, आणि परत आत येऊन बसल्यावरही विषय सोडला नाही.

“बाहेरून काही घालत नाही?” विबोवोंनी विचारलं.

“मी वजन करून देतो तेवढंच खाद्य. त्यावर कणभर नाही.”

“पाणी?”

“बदलतच नाही. उन्हाने उडालं तेवढी भर. बाकी एक तांब्या बाहेर काढलेला नाही.”

“बघायला आवडेल,” विबोवो हळूच म्हणाले.

आता जावामध्ये सभ्य माणूस ‘बघायला आवडेल’ म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ ‘हे मला पटलेलं नाही’ असा होतो. हे कळायला लेखापरीक्षक असावं लागत नाही. कुंचोरोंची कानशिलं गरम झाली. ते म्हणाले, “मागणीच्या दिवशी जेवायला याच टाकीतले गुरामे. याच पाण्यातले. माझा शब्द.”

राहायूंनी त्यांच्याकडे पाहिलं. नास्तितीने छताकडे पाहिलं.

आणि तेव्हापासून पाणी बिघडायला लागलं.

पहिल्यांदा नळी हिरवी झाली तेव्हा कुंचोरो घाबरले नाहीत. खाद्य जास्त होतंय, एवढाच अर्थ. त्यांनी ते कमी केलं. पाणी आणखी हिरवं आलं. त्यांनी ते निम्मं केलं. पाणी गडद झालं. शेवटी त्यांनी मुठीऐवजी चिमूट धरली, आणि चकित होऊन टाकीकडे बघत राहिले. कारण अर्धपोटी ठेवलेले मासे वाळायला हवे होते. ते मात्र गुबगुबीत होत चालले होते. लॉब्स्टर कवचात मावत नव्हते. कात टाकून टाकून मोठे होत होते. कांगकुंग तर कुंपण ओलांडून शेजारच्या दार्सोनोंच्या वाळत घातलेल्या कपड्यांपर्यंत पोचली होती. आवक बंद आणि जावक वाढती! बँकेत असं दिसलं असतं तर कुंचोरोंनी पोलिसांना फोन केला असता. इथे फोन कुणाला करायचा?

बरं, गल्लीत सल्ल्यांना तोटा नव्हता. कुंचोरोंच्या टाक्या म्हणजे गल्लीचं लाडकं ठिकाण झालं होतं. याचं श्रेय त्यांच्या एका भाषणाला होतं. रविवारी सगळे मिळून गटारं साफ करत असताना, मधल्या चहाच्या सुट्टीत, ते बोलले होते: “माझ्याकडे काही म्हणजे काही वाया जात नाही. उरलेला प्रत्येक कण कुणाच्या ना कुणाच्या पोटी जातो.” लोक इतके भारावून ऐकत होते की कोपऱ्यावरच्या बू मुर्तिनांनी पदराने डोळे टिपले. विज्ञानाने माणसं एवढी हलतात हे कुंचोरोंनी प्रथमच पाहिलं. तेव्हापासून दुपारी कुणी ना कुणी मागच्या फाटकातून आत डोकावून जाई. दुपारी कुंचोरो झोपत. त्यांची झोप मोडू नये म्हणून लोक चपला फाटकाशी काढून येत, हे विशेष.

“मेरापीची राख,” बू मुर्तिना टाकीत बघून ठामपणे म्हणाल्या. “डोंगर धुमसतोय ना, ती राख हवेतून येते. माझ्या वाळत घातलेल्या मिरच्यांवरसुद्धा बसते.”

“राखेत नायट्रोजन नसतो, बू.”

“तुमच्या पुस्तकातल्या राखेत नसेल.”

दार्सोनो आयुष्यभर औषधांच्या दुकानांत फिरून माल खपवत आले होते, त्यामुळे त्यांच्याकडे प्रत्येक रोगावर दोन उपाय असत. “केळीचा सोट कापून टाका पाण्यात. नाहीतर मीठ. मीठ टाकलं तर केळीचा सोट नका टाकू हं, पाक. दोन्ही मिळून काय होईल याची जबाबदारी मी घेणार नाही.”

“यांतलं कोणतं काम करतं?”

“मला काय माहीत? माझ्याकडे टाकी कुठाय?”

कुंचोरोंनी सोट टाकला. लॉब्स्टरांनी तो आवडीने खाल्ला आणि पाणी बिअरच्या बाटलीच्या रंगाचं झालं.

गुरामेंचं बरं असतं. पाण्यातला प्राणवायू संपला तर ते वर येऊन हवेचा घोट घेतात आणि पुन्हा आपल्या कामाला लागतात. लॉब्स्टरांना ती सोय नाही. त्यांना गुदमरलं की ते सरळ घर सोडतात. एका सकाळी दुसऱ्या टाकीतली गर्दी कुंचोरोंना विरळ वाटली. त्याच सुमारास पलीकडून पाक एर्तेंची आरोळी ऐकू आली.

पाक एर्ते म्हणजे गल्लीचे निवडून दिलेले प्रमुख. त्यांना नाव होतं, पण निवडून आल्यापासून ते कुणी वापरलं नव्हतं. गेल्या वर्षी साथीच्या भीतीने त्यांनी गल्लीत कोंबड्या पाळणंच बंद केलं होतं, आणि तेव्हापासून बंद करण्यासारखं दुसरं काही त्यांना सापडलं नव्हतं. ते लुंगी एका हाताने धरून, दुसऱ्या हातात प्लॅस्टिकचं टमरेल घेऊन फाटकाशी उभे राहिले. टमरेलात एक लॉब्स्टर नांग्या वर करून बसला होता.

“पाक कुंचोरो, हे तुमचं का?”

“हो… म्हणजे दिसतंय तरी तसं.”

“हे माझ्या न्हाणीच्या हौदात होतं. मी अंगावर पाणी घेत होतो.”

“चावलं का?”

“कुठे चावलं ते विचारू नका.” पाक एर्तेंनी प्रतिष्ठा सावरली. “मी काही बोलत नाही हं. शेजारधर्म आहे. पण परवानगी आहे ना?”

परवानगी! कुंचोरोंनी आयुष्यभर लोकांना हाच प्रश्न विचारला होता. तो आपल्यालाही विचारता येतो, हे त्यांच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. ते त्याच दिवशी इस्त्रीचा बाटिक शर्ट घालून वस्तीच्या कार्यालयात गेले. खिडकीमागच्या मुलीने अतिशय गोड आवाजात विचारलं, “पशू किती पायांचा?”

“दहा.”

“दोन पाय म्हणजे कोंबडी-बदक. चार पाय म्हणजे बकरी-गाय. दहा पायांचा रकाना नाही, पाक.”

“मग मासा म्हणून लिहा.”

“माशाला पाय नसतात,” ती समजुतीने म्हणाली. “तुम्ही अडीच बकऱ्या म्हणून अर्ज केलात तर मी वर विचारून बघते.”

कुंचोरो अर्ज न करताच परत आले. त्यांना बकऱ्यांविषयी आकस नव्हता. पण अडीच?

त्या संध्याकाळी ते ओसरीवर बसून राहिले. मागणीचा दिवस जवळ आला होता. नास्तिती शेजारी येऊन बसली. “बापाक, बाजारातून गुरामे आणू या. कुणाला कळणार आहे?”

“मला.”

“निदान पाणी बदला.”

“एक तांब्यासुद्धा बदलत नाही म्हणालोय मी. उद्या त्या माणसाने विचारलं तर? तुझ्या घरी जन्मभर तो माझ्याकडे पेल्यात बघितल्यासारखा बघेल.” मग ते स्वयंपाकघराकडे वळून मोठ्याने म्हणाले, “बू! तू भांड्यांचं पाणी टाकत नाहीस ना टाकीत? साबणाचं?”

“साबणाचं? मुळीच नाही,” आतून उत्तर आलं. आवाजात दुखावलेपण होतं, आणि ते खरंही होतं. कुंचोरोंनी पुढचा प्रश्न विचारला नाही. हा लेखापरीक्षक म्हणून त्यांच्या हातून झालेला सर्वांत मोठा निष्काळजीपणा.

शेवटी बू मुर्तिना आणि दार्सोनो या दोघांचं आयुष्यात पहिल्यांदा एकमत झालं: स्लामेतान करावं. टाकीच्या नावाने चार माणसं बोलवावीत, दुवा म्हणावी, जेवण वाटावं, जे काय असेल ते शांत होतं. कुंचोरोंचा यावर विश्वास नव्हता. पण अमोनियावरही आताशा फारसा उरला नव्हता. पिवळ्या भाताचा शंकूसारखा डोंगर रचला गेला, भोवती तळलेली कोंबडी, अंडी, सोयाबीनचे टेंपे. मशिदीतल्या वडीलधाऱ्यांनी प्रार्थना म्हटली. प्रत्येकाला घरी नेण्यासाठी भाताची भरगच्च खोकी दिली. राहायूंचा हात सढळ. एका खोक्यात दोन घरं जेवावीत.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नळीतला हिरवा रंग इतका गडद आला की डबीवरच्या रंगांच्या पट्टीत तो नव्हताच. कुंचोरो टाकीच्या काठावर टेकले. प्रार्थनेनंतर वाढलेला अमोनिया! याचा अर्थ काय लावायचा? वर आकाशात कुणीतरी आपल्या हिशेबावर उलट्या खुणा करतंय, असं त्यांना वाटलं. पण लॉब्स्टर मात्र तृप्त होऊन तळाशी पसरले होते. घटनास्थळी हजर असलेले हे एकमेव साक्षीदार. पण त्यांची जातच अशी की समोर आलेला पुरावा ते आधी खाऊन टाकतात.

मागणीचा दिवस उजाडला. कुंचोरोंनी जाळं टाकलं आणि गुरामे वर काढला, तर तो दोन्ही हातांत मावेना. राहायूंच्या भाजायच्या जाळीवर शेपटी बाहेर राहत होती. शेवटी पाक एर्तेंकडची मोठी जाळी आणावी लागली. पाहुणे आले, पानदानं आली, केळ्यांचे घड आले, फितीने बांधलेल्या पेट्या आल्या. विबोवोंसोबत त्यांच्या पत्नी आणि फार थकलेल्या आई होत्या. मागणी घातली गेली, नास्तितीने मान खाली घालून होकार दिला, आणि चटयांवर सगळे जेवायला बसले. रीतीप्रमाणे गल्लीही होती.

विबोवोंनी गुरामेचा घास घेतला. चावला. पुन्हा एक घेतला. कुंचोरो स्वतःचा घास हातात धरून बघत होते.

“उत्तम,” विबोवो म्हणाले. “चिखलाचा वास नाही. आणि केवढा! काय घालता याला?”

आता गप्प बसावं की नाही? पण कौतुक फार दिवसांनी आलं होतं. कुंचोरो ताठ बसले. “मोजून दिलेलं खाद्य. तेही हल्ली चिमूटभर. खरं सांगतो, पाक विबोवो, मलाही हे गूढ आहे. नळीत अमोनिया दिसतो, मासे जाड होतात, पण टाकीत बाहेरून एक कण पडत नाही. या शब्दाची मी जबाबदारी घेतो.”

सगळीकडे शांतता पसरली. आदराने पसरली, असं कुंचोरोंना वाटलं.

त्या शांततेत विबोवोंच्या आईने पानातल्या उरलेल्या भाताकडे पाहिलं. मूठभर असेल. “मला आता जात नाही रे,” त्या म्हणाल्या. “पण टाकायचा कसा? टाकला तर भात रडतो. तुमच्याकडे कोंबड्या आहेत का?”

“कोंबड्या बंद केल्यात, आजी,” पाक एर्ते नकळत बोलून गेले, “पण भाताची सोय आहे.”

“चला, मी दाखवते,” बू मुर्तिना लगबगीने उठल्या. “इकडून, फाटकाजवळून. हा डावा कोपरा आमचा. तुम्ही आमच्या कोपऱ्यात टाका.”

“तिथे नको,” दार्सोनो म्हणाले. “तिथे उतार आहे, भात नळीत अडकतो. माझ्याकडे टाका, थेट लॉब्स्टरांच्या तोंडात.”

कुंचोरोंनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. “तुमचा कोपरा?”

कुणाला दुखवायचं नाही म्हणून ही माणसं गप्प राहतात, आणि एकदा का कुणी तोंड उघडलं की सगळी एकदम बोलतात.

“तुम्हीच म्हणालात ना, पाक, गटारावर…”

“काही वाया जात नाही म्हणालात!”

“कोंबड्या गेल्यापासून जीव नुसता तुटत होता हो. भात रडायचा, आम्ही ऐकायचो. मग तुम्ही ते बोललात आणि माझे डोळेच भरून आले.”

“तुमची झोप मोडू नये म्हणून दुपारी येतो. चपला काढून.”

“तुम्ही चिमूट घालायला लागलात ना, तर आम्हाला वाटलं, बिचाऱ्यांची आबाळ होतेय. मग मी जरा जास्तच आणायला लागले.”

“आणि स्लामेतानचा,” दार्सोनो अपराधी स्वरात म्हणाले, “तो तर फारच उरला होता. राहायूंनी खोकी काय भरली होती!”

कुंचोरो सावकाश बायकोकडे वळले. राहायू चटईच्या विणीकडे निरखून बघत होत्या.

“बू?”

“मधली बाजू माझी,” त्या म्हणाल्या. “तुम्ही साबणाचं विचारलंत. भाताचं विचारलं नाहीत. आणि एवढं कणाकणाचं मोजता, म्हटलं, भातही मोजलाच असेल.”

नास्तिती छताकडे बघत होती. ओळखीच्या दिवसापासून तिने हे छत पाठ केलं असावं. कुंचोरोंना विबोवोंकडे बघवेना. जबाबदारी घेतो म्हणालो! कणभर नाही म्हणालो! उभ्या गल्लीच्या देखत, होणाऱ्या व्याह्यांच्या देखत, सबंध कारकिर्दीत कुणी केली नसेल अशी खोटी साक्ष. त्यांनी हातातलं पान खाली ठेवलं.

विबोवोंनी बोटं धुतली, पुसली. पेल्यातलं पाणी पाहिलं आणि प्यायले. मग ते कुंचोरोंच्या कानाशी आले आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाले, “आमच्याकडेही परसात तळं आहे. मागुर मासे पाळतो. मीही वजन करून खाद्य घालतो.” ते थांबले. “वर्षानुवर्षं माझाही हिशेब लागत नाहीये, पाक. मला वाटायचं, माझा काटा बिघडलाय. तुमचा लागतो म्हणालात तेव्हा त्या रात्री मला झोप नव्हती.”

दोघांनी एकदम मान वळवली. बू विबोवो, म्हणजे त्यांच्या पत्नी, रिकाम्या वाट्या गोळा करत होत्या. खरं तर त्या पाहुण्या होत्या. त्यांनी वाट्या गोळा करायचं काही कारण नव्हतं.

“तुम्ही कधी विचारलंच नाहीत,” त्या वाटीला म्हणाल्या.

आजी तोवर टाकीपाशी पोचल्या होत्या. त्यांनी मूठ उघडली. गढूळ पाण्यातून निळसर नांग्या वर आल्या, आणि शितं दिसेनाशी झाली. “खातात हो!” त्या पोरीसारख्या हसल्या. त्यांच्यामागे हळूहळू रांग लागली, ज्याची त्याची जागा ठरलेली, कुणी कुणाला धक्का न देता.

विबोवो उठून रांगेत गेले. कुंचोरोंनी आपल्या पानाकडे पाहिलं. बोलण्याच्या नादात त्यांचाही भात उरला होता, चांगला दोन घास. ते पान घेऊन टाकीपाशी आले आणि काठाकाठाने चालू लागले. डावा कोपरा मुर्तिनांचा, पलीकडे दार्सोनो, मधे राहायू. त्यांनी पूर्ण फेरी घातली. स्वतःच्या टाकीवर त्यांना उभं राहायला जागा नव्हती.

पाक एर्ते जरासे बाजूला सरकले.

“माझ्या कोपऱ्यात टाका, पाक,” ते म्हणाले. “परवानगी लागत नाही.”